विस्तार प्रकल्पाचा प्रस्ताव आणि अंदाजपत्रक : या चुका टाळा

अनुदान-प्रस्ताव तपासणारा परीक्षक सारांश वाचून झाला की पुष्कळदा थेट अंदाजपत्रकाकडे वळतो, कारण प्रकल्प नेमका काय करणार आहे हे लांबलचक वर्णनापेक्षा तिथे लवकर कळते. वर्णनात बारा कार्यशाळांचे आश्वासन आणि प्रवासखर्च मात्र आठच फेऱ्यांचा, अशी तफावत एकदा नजरेस पडली की उरलेला प्रस्ताव तो संशयानेच वाचतो. विद्यापीठांच्या विस्तार विभागांतून, म्हणजे विद्यापीठाचे ज्ञान शाळांपर्यंत आणि समाजापर्यंत नेणाऱ्या विभागांतून, जाणाऱ्या प्रस्तावांत ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते : मजकूर एकाने निवांतपणे लिहिलेला असतो आणि आकडे दुसऱ्याने, घाईघाईत, मजकूर न वाचता भरलेले असतात.

ठोक रकमा आणि निराधार आकडे

‘कार्यशाळेचे साहित्य’ असे लिहून पुढे एक गोल रक्कम टाकणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ती रक्कम योग्य असेलही, पण ती कुठून आली हे दिसत नसल्यामुळे काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावरच चालते. त्याऐवजी हिशोब उलगडून दाखवावा. बारा कार्यशाळा, प्रत्येकीत तीस विद्यार्थी आणि प्रत्येकाला प्रयोगाचा एक संच धरला तर ३६० संच लागतात. मोडतोडीसाठी ५ टक्के वाढवले तर ३७८ होतात, आणि त्याला कोटेशनमधील दराने गुणले की जी रक्कम येते तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. मात्र प्रस्तावाच्या कार्यपद्धतीत ‘विद्यार्थी जोडीजोडीने प्रयोग करतील’ असे वाक्य असेल, तर लागणारे संच १८० आणि मोडतोडीसह १८९ होतात. अंदाजपत्रकात ३७८ आणि मजकुरात जोड्या, ही विसंगती अनुभवी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही, आणि ती दिसल्यावर बाकीचे बरोबर असलेले आकडेही त्याला फुगवलेले वाटू लागतात.

यावरचा उपाय सोपा आहे, पण तो सुरुवातीलाच करावा लागतो. मजकूर लिहिण्याआधी उपक्रमांचा एक तक्ता करावा, प्रत्येक उपक्रमाला क्रमांक द्यावा आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक ओळीपुढे तो क्रमांक लिहावा. ज्या ओळीला क्रमांक सापडत नाही ती का आहे, आणि ज्या क्रमांकाला ओळ नाही तो उपक्रम फुकटात कसा होणार, हे दोन प्रश्न मग आपोआप पुढे येतात. विस्तार प्रकल्पांत या पद्धतीने हमखास सापडणाऱ्या राहून गेलेल्या गोष्टी म्हणजे सांकेतिक भाषेचा दुभाषा, सहभागींचा विमा, संमतीपत्रांची छपाई, साहित्य ठेवण्याची जागा, प्रकल्प संपल्यावर संकेतस्थळ चालू ठेवण्याचा खर्च आणि विद्यार्थ्यांसोबत येणाऱ्या शिक्षकांचा प्रवास.

‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ या शीर्षाखाली मोठी रक्कम दाखवू नये. अनेक अनुदानदाते आकस्मिक खर्चाची तरतूद सरळ नाकारतात; जे स्वीकारतात तेही ती कशासाठी आहे हे विचारतातच. ज्या खर्चाला आपल्याला नाव देता येत नाही, तो मागण्याइतका आपण विचार केलेला नाही, असेच परीक्षक समजतो आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

माणसांचा वेळ

विस्तार कार्यात यंत्रसामग्री थोडी आणि माणसे जास्त लागतात. तरीही सर्वांत कमी मोजला जातो तो माणसांचाच वेळ. तीन तासांच्या कार्यशाळेसाठी तीनच तास धरले जातात. प्रत्यक्षात तिच्यामागे शाळेशी पत्रव्यवहार, तारखांची जुळवाजुळव, संच भरणे, प्रवास, आवरासावर, अभिप्राय-पत्रकांची नोंद आणि बिले सादर करणे एवढे काम असते. या सगळ्याला मिळून एका कार्यशाळेमागे दोन दिवस धरले तरी बारा कार्यशाळांना चोवीस दिवस, म्हणजे एका माणसाचा पूर्ण महिना लागतो आणि त्यात अहवाल-लेखन अजून आलेलेच नाही.

वेळ नेहमी व्यक्ती-महिन्यांत मांडावा : अठरा महिन्यांच्या प्रकल्पासाठी अर्धवेळ समन्वयक म्हणजे नऊ व्यक्ती-महिने. वेतन लिहिताना मूळ पगारासोबत संस्थेला भरावा लागणारा भविष्यनिर्वाह निधी वा तत्सम भार, दुसऱ्या वर्षाची वेतनवाढ आणि भरतीला लागणारा काळ हे तिन्ही विचारात घ्यावेत. अनुदान मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी समन्वयक कामावर हजर झाला आहे, असे गृहीत धरणारे वेळापत्रक पहिल्याच तिमाहीत कोलमडते.

इथे आणखी दोन चुका होतात आणि त्या लवकर लक्षात येत नाहीत. पहिली, एकाच कर्मचाऱ्याचा ३० टक्के वेळ चार वेगवेगळ्या प्रस्तावांत दाखवणे. चारही मंजूर झाले तर तो माणूस १२० टक्के काम करत असल्याचे कागदोपत्री सिद्ध होते आणि लेखापरीक्षणात त्याचे उत्तर देता येत नाही. दुसरी, प्रस्ताव आकर्षक दिसावा म्हणून ‘आमचे विद्यमान कर्मचारी हे काम विनामूल्य करतील’ असे आकड्यांसह लिहून टाकणे. असे आश्वासन एकदा लेखी दिले की बहुतेक ठिकाणी ते बंधनकारक ठरते आणि त्याचा पुरावा ठेवावा लागतो. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने (संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेने) तर अर्जदाराने स्वेच्छेने असा आकड्यातला वाटा देऊ करण्यावर बंदीच घातली आहे, त्यामुळे तिथे ही उदारता गुण मिळवून देण्याऐवजी प्रस्ताव परत पाठवण्याचे कारण ठरू शकते.

ओव्हरहेडचा पाया

अप्रत्यक्ष खर्चाचा (वीज, इमारत, कार्यालय अशा संस्थेच्या सामायिक खर्चाचा), म्हणजे ओव्हरहेडचा दर बहुतेकांना पाठ असतो. तो कशावर लावायचा हे मात्र पाहिले जात नाही. एकूण मर्यादा १०,००,००० आहे आणि दर १५ टक्के आहे असे समजू. दर प्रत्यक्ष खर्चावर असेल तर प्रत्यक्ष कामाला ८,६९,५६५ मिळतात आणि ओव्हरहेड १,३०,४३५ होतो. तोच दर एकूण अनुदानावर असेल तर कामाला ८,५०,००० उरतात आणि ओव्हरहेड १,५०,००० होतो. अर्ज करण्याच्या दिवशी वित्त विभागाने ही १९,५६५ची चूक दाखवली, तर ती भरून काढण्यासाठी बहुधा मूल्यमापनाचा खर्चच कापला जातो.

त्यापुढची अडचण अशी की पायातून, म्हणजे ज्या रकमेवर दर लावायचा तिच्यातून, काही खर्च वगळावे लागतात आणि प्रत्येक अनुदानदात्याचे नियम वेगळे असतात. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन-अनुदान कार्यक्रमात अप्रत्यक्ष खर्च सरसकट २५ टक्के मिळतो, पण तो उपकंत्राटासारख्या काही रकमा वगळून उरलेल्या पात्र प्रत्यक्ष खर्चावर. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत, ज्या संस्थेचा स्वतःचा ठरलेला दर नाही तिला पूर्वी १० टक्के घेता येत असत. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही मर्यादा १५ टक्के झाली आहे. मात्र तिथे पायातून यंत्रसामग्री वगळली जाते आणि सहभागींना दिला जाणारा विद्यावेतन-प्रवासभत्त्यासारखा खर्चही वगळला जातो. विस्तार कार्याच्या दृष्टीने हे दुसरे वगळणे महत्त्वाचे आहे, कारण आपल्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग तोच असतो. प्रत्यक्ष खर्च ८,००,००० आणि त्यात सहभागींचा खर्च ३,००,००० असेल, तर १५ टक्के केवळ ५,००,०००वर लावायचे, म्हणजे १,२०,००० ऐवजी ७५,०००च मिळतात.

याच शीर्षाबाबत आणखी एक गोंधळ होतो. कार्यशाळेत शिकवणारे वक्ते आणि प्रशिक्षक हे सहभागी नसतात, तसेच प्रकल्पाचे कर्मचारीही सहभागी धरले जात नाहीत, त्यामुळे त्यांचे मानधन किंवा सभागृहाचे भाडे सहभागींच्या शीर्षाखाली दाखवू नये. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानांत या शीर्षातील पैसा दुसरीकडे वळवायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून सुरुवातीचे वर्गीकरण चुकले की पुढची दोन वर्षे पत्रव्यवहारात जातात.

संशोधकाच्या प्रस्तावातला शेवटचा परिच्छेद

विस्तार विभागातल्या लोकांना स्वतंत्र प्रस्तावापेक्षा जास्त त्रास होतो तो संशोधकांच्या प्रस्तावांचा. नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९७ साली संशोधनाच्या बौद्धिक गुणवत्तेसोबत त्याचा समाजावरील व्यापक परिणाम हा दुसरा निकष स्वीकारला, आणि होरायझन युरोपमध्येही उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणीचा दर्जा असे तीन निकष आहेत. यामुळे संशोधक मुदतीच्या आदल्या आठवड्यात विस्तार विभागाकडे येतो आणि ‘शाळांसाठी काहीतरी’ असा एक परिच्छेद मागतो. परिच्छेद देणे सोपे असते. चूक ही की त्याच्याबरोबर अंदाजपत्रकात ओळ मागितली जात नाही. प्रकल्प मंजूर झाल्यावर तो परिच्छेद प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी विभागावर येते आणि पैसे मात्र प्रयोगशाळेत खर्च झालेले असतात. म्हणून परिच्छेद आणि त्याचे अंदाजपत्रक हे एकत्रच द्यावे, व्यक्ती-महिन्यांसह, आणि ओळ कापली गेली तर परिच्छेदही मागे घ्यावा. विभागाकडे दोन-तीन आकारांचे तयार नमुने (एक छोटा, एक मध्यम, एक वर्षभराचा) असले तर घाईतही हे जमते.

‘जागृती होईल’

अपेक्षित परिणाम लिहिताना ‘विद्यार्थ्यांत विज्ञानाबद्दल जागृती निर्माण होईल’ असे वाक्य फार वेळा येते. ते खोटे नसते, पण ते तपासता येत नाही. किती जणांपर्यंत पोहोचलो हा एक प्रश्न आणि त्यांच्यात काय बदल झाला हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे असेल तर उपक्रमाच्या आधीची स्थिती नोंदवावी लागते, आणि ती नोंद पहिल्या कार्यशाळेपूर्वीच व्हावी लागते. शेवटच्या महिन्यात मूल्यमापनासाठी नेमलेल्या माणसाजवळ तुलना करायला काहीच नसते. सहभागींकडून, विशेषतः मुलांकडून, गोळा केलेली माहिती प्रसिद्ध करायची असेल तर नैतिक समितीची मान्यता लागते, आणि तिच्या बैठकीची वाट पाहण्याचा काळ वेळापत्रकात दाखवावा.

सहकारी संस्थांची पत्रे हा याच प्रकारचा विषय आहे. ‘आम्ही या उपक्रमाला सर्वतोपरी सहकार्य करू’ असे पत्र म्हणजे काहीच न सांगणारे पत्र. किती वर्ग, कोणत्या महिन्यांत, कोणती जागा आणि संपर्कासाठी कोण, एवढे चार तपशील त्यात असावेत. ते मागायला गेल्यावरच बहुधा कळते की आपण ठरवलेला महिना परीक्षांचा आहे.

अडचण आलीच तर

बेरीज जुळत नसेल तर आधी एक्सेलमध्ये सर्वांत शेवटी वाढवलेली ओळ पाहावी. बेरजेच्या सूत्राच्या कक्षेबाहेर घातलेली ओळ मोजली जात नाही आणि लपवलेली ओळ मोजली जाते. अर्ध्याहून अधिक वेळा दोष इथेच सापडतो. त्यानंतर वर्षवार बेरजा आणि शीर्षवार बेरजा वेगवेगळ्या काढून ताडून पाहाव्यात. पोर्टलवर भरलेले आकडे आणि जोडलेल्या पीडीएफमधले आकडे वेगळे असण्याचे कारण बहुतेक वेळा पूर्णांकन हेच असते, त्यामुळे सर्व रकमा सुरुवातीपासूनच पूर्णांकात ठेवाव्यात.

मर्यादेपेक्षा रक्कम थोडी जास्त होत असेल, तर प्रत्येक ओळीतून थोडे थोडे कापू नये. तसे केल्याने कोणताच उपक्रम पुरेशा पैशात होत नाही. एखादा पूर्ण उपक्रम काढावा आणि तो मजकुरातूनही काढावा. अनुदानदात्याने मंजुरीच्या वेळी रक्कम कमी केली तर हेच तत्त्व लागू होते : कमी पैशात पूर्वीचेच काम करण्याची हमी देऊ नये, सुधारित अंदाजपत्रकासोबत कमी केलेल्या कामाची यादी लेखी पाठवावी आणि ती मान्य झाल्यावरच सही करावी.

मुदतीच्या वेळेबाबत गैरसमज नको. होरायझन युरोपची मुदत ब्रसेल्सच्या सायंकाळी ५ वाजता संपते, तर नॅशनल सायन्स फाउंडेशनची अर्ज करणाऱ्या संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार सायंकाळी ५ वाजता. त्याहूनही महत्त्वाची असते ती संस्थेतली अंतर्गत मुदत, कारण अर्ज ‘सादर’ करण्याचा अधिकार बहुधा प्रकल्पप्रमुखाकडे नसून वित्त किंवा संशोधन विभागातील अधिकृत व्यक्तीकडे असतो आणि ती व्यक्ती त्या दिवशी रजेवर असू शकते.

मंजुरीनंतर पैसा हप्त्यांनी येतो, कधी कधी खर्च झाल्यावर परतफेड म्हणून येतो, आणि तोपर्यंतचा भार संस्थेने उचलायचा असतो. हे वित्त विभागाशी आधीच बोलून ठेवावे. भारतात केंद्र सरकारच्या अनुदानाला २०१७चे सामान्य वित्तीय नियम लागू असतात, त्यानुसार अनुदानावर मिळालेले व्याज परत करावे लागते आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. व्याजाचा तो पैसा आपल्याच प्रकल्पात वापरता येईल असे गृहीत धरून आखलेला कार्यक्रम शेवटच्या वर्षी अडचणीत येतो.

खर्च अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचे दिसत असेल, तर प्रकल्पाच्या अखेरच्या महिन्यात घाईने लॅपटॉप विकत घेऊ नयेत. लेखापरीक्षक नेमकी हीच बिले आधी काढतात. मुदत संपण्याच्या तीन-चार महिने अगोदर शिलकीचा अंदाज घ्यावा, मुदतवाढ हवी की शीर्षबदल हे ठरवावे, आणि परवानगीचे पत्र हातात आल्यानंतरच त्या शिलकीला हात लावावा. तोंडी होकारावर केलेला खर्च, होकार देणारा अधिकारी बदलून गेला की, संस्थेलाच सोसावा लागतो.