फुप्फुसाचं मॉडेल आणि उणे ऑक्सिजन: या चुका टाळा

फुप्फुसाचं मॉडेल संगणकावर लिहिताना वायुकोशातला (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशवीतला) ऑक्सिजनचा दाब काढायचं समीकरण एका ओळीचं. हवेच्या दाबातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करा, ०.२१ ने गुणा, मग कार्बन डायऑक्साइडचा दाब भागिले ०.८ त्यातून काढा. समुद्रसपाटीला ७६० आणि ४० घातले की उत्तर शंभराच्या आसपास येतं (सगळे आकडे मिमी पाऱ्याचे). इथवर कुणाचंच चुकत नाही.

आता तीच ओळ एव्हरेस्टवर चालवा. १९८१ च्या संशोधन मोहिमेत शिखरावर दाब भरला २५३. वाफ वजा जाता ऑक्सिजन उरतो ४३, त्यातून ५० काढायचे. उत्तर उणे ७! मॉडेल लिहिणारी मुलं मग कोडमध्ये चुकलेला कंस शोधत बसतात. कंस बरोबर असतो. चुकलेला असतो तो जागचा न हललेला ४०. त्या उंचीवर माणूस इतका धापा टाकतो की कार्बन डायऑक्साइड पार खाली जातो. त्याच मोहिमेत शिखरावर घेतलेल्या उच्छ्वासाच्या नमुन्यात तो ७.५ निघाला. तो घाला, ३४ येतील. जेमतेम, पण जिवंत माणसाचे.

म्हणून ४० टाइप करू नका, तो काढा: मिनिटाला तयार होणारा कार्बन डायऑक्साइड (मिली) गुणिले ०.८६३, भागिले वायुकोशांपर्यंत पोचणारी हवा (लिटर). २०० आणि ४.३ घालून पाहा. ‘पोचणारी’ हा शब्द विसरू नका. मिनिटाला ५०० मिलीचे १२ श्वास घ्या किंवा २५० चे २४, दोन्हीकडे ६ लिटरच. पण दर श्वासातले १५० मिली नळ्यांतच अडकतात, त्यामुळे आत जातात ४.२ आणि २.४.

एव्हरेस्ट राहू द्या, पुण्यातही दाब ७१० च्या आसपास असतो. तरी मुलांच्या कोडच्या फायलीत ७६० सापडतोच.

सगळ्यात चिवट चूक मात्र रक्त मिसळण्याची. निम्मं रक्त चांगल्या वायुकोशातून ऑक्सिजनचा दाब १०० घेऊन आलं, निम्मं हवेला न भेटताच ४० वर राहिलं. सरासरी ७०? नाही. हिमोग्लोबिनची संपृक्तता, म्हणजे त्यातला किती टक्के भाग ऑक्सिजनने भरलाय, ते बघा: सुमारे ९७ आणि ७५ टक्के, मिसळून ८६. दाब आणि संपृक्तता यांचं नातं दाखवणाऱ्या वक्रावर ८६ टक्क्यांसमोर दाब सापडतो ५३ च्या आसपास. तुमच्या कोडमध्ये दाबांची सरासरी काढणारी ओळ असेल, तर तिथे ऑक्सिजनचं प्रमाण घाला आणि दाब शेवटी वक्रावरून उलटा काढा.