वऱ्हाडातून माथेरानच्या छोट्या गाडीला जाताना

वर्धा, बडनेरा, अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेस धरली की पहाटे कल्याणला उतरा. मुंबईपर्यंत जाऊन मागं फिरण्यात काही अर्थ नाही. कल्याणला नेरळचं तिकीट काढून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. इथंच लोक चुकतात. कल्याणपासून फाटे दोन, कसारा लोकल पार दुसरीकडं जाते. अंबरनाथ-बदलापूर लोकल नेरळच्या अलीकडेच संपते.

नेरळहून वर जाणाऱ्या गाड्या मोजक्या, त्याही सकाळच्या. डबे चिमुकले, त्यामुळं जागा लवकर भरतात. म्हणून स्टेशनात उतरल्याबरोबर चहाआधी तिकीट खिडकी गाठा. तिकीट हुकलंच तर शेअर टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत जा. शेजारच्या अमन लॉज स्टेशनाहून माथेरानची शटल गाडी मिळते. गावात मोटारींना बंदी आहे.

हा रूळ 2 फुटी, म्हणजे आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेच्या अडीच फुटी रुळापेक्षाही अरुंद. 1907 साली सुरू झालेली ही गाडी सुमारे 21 किलोमीटरला दोन-अडीच तास घेते. वळणं इतकी की दरी कधी डावीकडं, कधी उजवीकडं. खिडकीसाठी भांडू नका. मात्र मळमळणाऱ्यानं पोटभर खाऊन बसू नये. मोठी ट्रंक नको, पाठीवरची पिशवी बरी. शेंगदाणे-चिवड्याची पुडी माकडांपुढं उघडली की गेलीच समजा.

जूनच्या मध्यापासून दसरा-दिवाळीच्या सुमारापर्यंत दरडींमुळं नेरळची गाडी बंद असते, शटल तेवढी चालते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी फार. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारी जाणं सोयीचं.