युटा-ॲरिझोनाची आरव्ही सहल: दोघांनी निघण्यापूर्वी करायची तयारी

लास व्हेगासला आरव्ही, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर आणि न्हाणी असलेली मोटरहोम, भाड्याने घ्यायची, झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस ही युटामधली राष्ट्रीय उद्यानं बघत मोआबपर्यंत जायचं, तिथून खाली मॉन्युमेंट व्हॅली, मग ग्रँड कॅन्यन आणि परत व्हेगास. दोघांनी दोन आठवड्यांत निवांत करण्यासारखा हा मार्ग आहे. अमेरिकेतली बरीच मराठी जोडपी मुलं कॉलेजला गेली की हा बेत आखतात, काही जण भारतातून खास याच सहलीसाठी येतात. माझं एक मत सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची सगळी यादी त्यावरच उभी आहे: गाडीतलं प्रत्येक काम दोघांनाही आलं पाहिजे. एकाने चालवायची आणि दुसऱ्याने स्वयंपाक बघायचा, ही वाटणी घरी खपून जाते. फोनला रेंज नसलेल्या वाळवंटात चालवणाऱ्याचा पाय मुरगळला, तर दुसऱ्याला गाडी हलवता आली पाहिजे. म्हणून भाड्याचा करार करताना चालक म्हणून दोघांचीही नावं घाला.

आधी तारखा ठरवा. एप्रिलच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, हे दोन काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये झायन आणि मोआबला पारा १०० फॅरनहाइटच्या वर जातो आणि दुपारी वळवासारखे पाऊस कोसळतात. ब्राइसचं गणित उलटं आहे. ते ८,००० फुटांच्या वर असल्यामुळे मे महिन्यातही रात्री पाणी गोठू शकतं. त्यामुळे एकाच बॅगेत सुती कपडे आणि जाड स्वेटर दोन्ही लागतात. कपड्यांबद्दल याहून जास्त विचार करू नका, कपाटं लहान असतात.

तारखा ठरल्या की लगेच कॅम्पग्राउंड. झायनचं वॉचमन, कॅपिटल रीफचं फ्रुटा, आर्चेसचं डेव्हिल्स गार्डन, ग्रँड कॅन्यनचं मॅदर या सगळ्यांचं बुकिंग सरकारी संकेतस्थळावर साधारण सहा महिने आधी उघडतं आणि चांगल्या तारखा बघता बघता संपतात. खातं आधीच उघडून ठेवा आणि दोघं आपापल्या संगणकावर बसा. इथे एक बारकावा आहे. वॉचमनला वीज मिळते, पण फ्रुटा, डेव्हिल्स गार्डन, मॅदर आणि ब्राइसची दोन्ही कॅम्पग्राउंड्स यांत जागेवर वीज, पाणी, सांडपाणी यांपैकी कसलीही जोडणी नाही. म्हणून दर तिसऱ्या रात्री पूर्ण जोडणीची जागा घ्या. उद्यानांबाहेर खासगी आरव्ही पार्क भरपूर आहेत, आणि ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दक्षिण कड्यावर, ट्रेलर व्हिलेजमध्ये सगळं मिळतं. टाक्या रिकाम्या करायच्या, पाणी भरायचं, कपडे धुवायचे, मनसोक्त अंघोळ करायची, हे त्या दिवशी.

आता गाडी. दोघांना २५ फुटांहून मोठी मुळीच घेऊ नका. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली जी गाडी असते तिला इथे क्लास सी म्हणतात; ती पुरते. बऱ्याच कॅम्पग्राउंडमध्ये लांबीची मर्यादा असते, मॅदरला ती ३० फूट आहे. लांबीपेक्षाही उंची जास्त महत्त्वाची. भाड्याच्या क्लास सी गाड्या साधारण १२ फूट उंच असतात. गाडी ताब्यात घेताना खरी उंची विचारा, एसीच्या डब्यासकट, आणि ती जाड अक्षरांत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पेट्रोल पंपाचं छप्पर, बँकेचा किंवा खाण्याच्या दुकानाचा ड्राइव्ह-थ्रू, झाडाची खाली आलेली फांदी, या सगळ्यांशी गाठ पडते. छताला झालेलं नुकसान बहुतेक भाडेकरारांत विम्याबाहेर असतं, हे करारात स्वतः शोधून वाचा.

उंचीचा सगळ्यात मोठा प्रश्न झायनमध्ये येतो. झायन ते माउंट कार्मेल हा बोगदा १.१ मैल लांब आहे आणि १९३० साली, त्या काळच्या मोटारींसाठी बांधलेला आहे. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी त्यात आपल्या लेनमध्ये मावत नाही. पूर्वी जादा शुल्क भरलं की समोरची वाहतूक थांबवून अशा गाड्या सोडायचे. २०२६ च्या उन्हाळ्यापासून मोठ्या गाड्यांना हा रस्ताच बंद करायचं उद्यानाने ठरवलं आहे. गुगल मात्र झायनहून ब्राइसला जायला तुम्हाला बेधडक याच बोगद्यात घालेल. तुमची गाडी मोठी असेल तर स्प्रिंगडेलहून मागे हरिकेनला या, तिथून फ्रेडोनिया, कनाब आणि मग ८९ नंबरने उत्तरेला. वेळ जास्त लागतो, तो दिवसाच्या हिशेबात आधीच धरा. ब्राइसहून कॅपिटल रीफकडे जाणारा १२ नंबरचा रस्ता मात्र चुकवू नका. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांमध्ये तो एका अरुंद धारेवरून जातो, दोन्ही बाजूंना दरी, आणि एका टप्प्यात चढ-उतार १४ टक्क्यांचा आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वरच गाडी खालच्या गिअरमध्ये टाका. जोराचा वारा असेल त्या दिवशी हा रस्ता पुढे ढकला. एका दिवसात दोनशे मैलांपेक्षा जास्त ठरवू नका आणि अंधार पडायच्या आत जागेवर पोहोचा. अनोळखी कॅम्पग्राउंडमध्ये रात्री गाडी मागे घेणं फार अवघड जातं.

कागदपत्रं. अमेरिकेतला नेहमीचा परवाना या आकाराच्या गाडीला चालतो. भारतातून येणाऱ्यांनी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, तो वर्षभर चालतो, आणि मूळ परवानाही बरोबर ठेवावा. विम्याबद्दल गाफील राहू नका: क्रेडिट कार्डावर मिळणारं भाड्याच्या गाडीचं संरक्षण बहुधा मोटरहोमला लागू नसतं, आणि घरच्या गाडीची पॉलिसीही लागू होईलच असं नाही. फोन करून विचारा, उत्तर ईमेलवर मागून घ्या. उद्यानांच्या वार्षिक पासचे नियम १ जानेवारी २०२६ पासून बदलले आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना तो ८० डॉलरला मिळतो, त्यासाठी इथलं सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. बाहेरून येणाऱ्यांना २५० डॉलर. पास न घेता आलेल्या परदेशी पाहुण्याला झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनसह अकरा उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात, म्हणजे भारतातून आलेल्या जोडप्याला पासच स्वस्त. आर्चेसमध्ये २०२२ पासून काही हंगाम प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करावी लागायची. तुमच्या तारखांना काय नियम आहे ते निघण्याआधी बघा. झायनच्या एंजल्स लँडिंग या सुळक्यावर चढायचं असेल तर वेगळा परवाना लागतो, तो सोडतीने मिळतो.

गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस वीस मिनिटांत सगळं भराभर दाखवून मोकळा होतो. त्याला घाई करू देऊ नका. एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने फोनवर चित्रण करावं, आणि नंतर त्याच्यासमोर प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हाताने करून बघावी: गॅस पेटवणं, पाण्याचा पंप, हीटर, जनरेटर, पायऱ्या, फ्यूजचा डबा कुठे आहे. भाड्यात किती मैल धरले आहेत, जनरेटरचे तास मोजतात का, अंथरूण-पांघरूण आणि भांडी वेगळी घ्यावी लागतात का, हेही तेव्हाच. मग एखाद्या मोठ्या मोकळ्या पार्किंगमध्ये दोघांनीही तासभर चालवून बघा. वळताना गाडीचं मागचं टोक उलट दिशेला फिरतं, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. मागे घेताना दुसऱ्याने खाली उतरून आरशात दिसेल असं उभं राहायचं. हाताच्या खुणा आधी ठरवा. ‘थांब’ ही खूण तर दोघांच्याही अंगवळणी पडलेली हवी. बाहेरचा माणूस आरशात दिसेनासा झाला की ब्रेक.

पाण्याच्या तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, सिंक आणि न्हाणीच्या पाण्याची ग्रे, आणि संडासाची ब्लॅक. ब्लॅकची खिट्टी जोडणी असली तरी बंदच ठेवायची आणि टाकी बरीच भरली की एकदम सोडायची, नाहीतर पाणी वाहून जातं आणि मळ तळाशी बसतो. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घ्या, आणि आरव्हीसाठीचा विरघळणारा कागदच वापरा. डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, नळी धुवायचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगवेगळे असतात, पाटी वाचूनच पाणी भरा. हे काम दोघांनी आळीपाळीने करा, किळस एकाच्याच वाट्याला यायला नको. विजेचं म्हणाल तर ३० अँपियरची जोडणी म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावली की खटका पडतो. गाडी समतल उभी करायला चाकांखाली ठेवायचे प्लास्टिकचे ठोकळे मागून घ्या. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला तिरकी गाडी मानवत नाही.

स्वयंपाकघराबद्दल मला खूप सांगायचं आहे, कारण बाहेरच्या खाण्यावर दोन आठवडे काढणं मराठी पोटाला जड जातं आणि या वाटेवरच्या छोट्या गावांत शाकाहारी पर्याय मोजकेच असतात. व्हेगास सोडल्यावर भारतीय किराणा मिळेल असं धरू नका. तांदूळ, मूगडाळ, तूरडाळ, पोहे, बेसन, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, तूप एवढं तिथूनच भरा. छोटा प्रेशर कुकर न्यायलाच हवा. ब्राइसच्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी धड शिजत नाही. कुकरलाही तिथे एक-दोन शिट्ट्या जास्त द्या. फोडणी टाकण्याआधी छताचा पंखा आणि एक खिडकी उघडा. धुराचा गजर लगेच वाजतो, आणि तो वाजला म्हणून झाकून ठेवायचा किंवा त्याची बॅटरी काढायची नाही, कारण गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे गजर झोपेत तुमचा जीव वाचवायला आहेत. तिसरी गोष्ट, आमटीचा गाळ आणि तेल ग्रे टाकीत जाऊ देऊ नका. ताटं-पातेली आधी कागदाने पुसून घ्या, मग थोड्या पाण्यात धुवा. पाणी वाचतं, आणि उन्हात टाकीला वास सुटत नाही. संध्याकाळी दमून आल्यावर पिठलं-भात किंवा मऊ मुगाची खिचडी यांहून सोयीचं काही नाही. जंगलात गेल्यावर माणसांनी खाणं उघड्यावर ठेवायचं नसतं, म्हणून उरलेलं लगेच आत. शेकोटीसाठी लाकूड घरून आणू नका. लाकडाबरोबर किडी पसरतात, ते तिथेच विकत घ्या आणि शेकोटीवर बंदी नाही ना ते विचारा.

पिण्याच्या पाण्याचा हिशेब माणशी रोज चार लिटर, शिवाय गाडी बंद पडली तर म्हणून दोन दिवसांचं वेगळं. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, राष्ट्रीय उद्यानांच्या ॲपमध्येही ती सोय आहे, आणि कागदी नकाशा ठेवाच. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. ही गाडी गॅलनला आठ-दहा मैलच देते. औषधं पूर्ण मुदतीची, मूळ डब्यांत. अरुंद घळीत उतरण्यापूर्वी त्या दिवशीचा अचानक पुराचा इशारा रेंजरला, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाला, विचारा. आकाश निरभ्र असलं तरी मैलोन्‌मैल दूर पडलेला पाऊस घळीत येतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यन या घळीत असाच पूर येऊन ११ जण गेले.

मॉन्युमेंट व्हॅली नावाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांची भूमी आहे, राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही, प्रवेश माणशी ८ डॉलर. आतल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर आरव्हीला परवानगी नाही. नावाहो वाटाड्याची उघडी गाडी घ्या. स्वतः चालवण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं, कारण त्या शिळांच्या कहाण्या त्यांच्या घरातल्या आहेत. ड्रोन उडवायचा नाही, आणि नावाहो हद्दीत दारू बाळगणं बेकायदा आहे, म्हणून फ्रिजमधली वाइनची बाटली आधीच संपवा. घड्याळाचाही घोळ इथेच होतो. उन्हाळ्यात युटा आणि नावाहो प्रदेश एक तास पुढे असतात, बाकीचं ॲरिझोना आणि नेव्हाडा मागे. पेज गावातून अँटिलोप कॅन्यनची फेरी घेणार असाल तर तिकिटावर कुठली वेळ छापली आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.

रोज सकाळी निघताना दोन फेऱ्या. एकाने आतून बघायचं: कपाटांच्या खिट्ट्या, फ्रिजचं दार, छताची झडप, खिडक्या, तेलाची बाटली सिंकमध्ये, कुकर पंच्यात गुंडाळलेला, पंप बंद. दुसऱ्याने बाहेरून: विजेची तार, पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, टाक्यांच्या खिट्ट्या, ठोकळे, पायरी, टायर. मग दोघांनी जागा बदलून तेच पुन्हा. घाई असली तरी. पंपावर पेट्रोल भरण्याआधी प्रोपेन, म्हणजे गाडीतला गॅस, बंद करा.

शेवटची रात्र व्हेगासजवळ पूर्ण जोडणीच्या पार्कमध्ये घ्या. ग्रँड कॅन्यनहून व्हेगास २८० मैलांच्या आसपास आहे. माझ्या दोनशे मैलांच्या हिशेबात ते बसत नाही, म्हणून वाटेत किंगमनला एक मुक्काम धरा. त्या संध्याकाळी उरलेला किराणा आवरा, टाक्या रिकाम्या करा, केर काढा. सकाळी पेट्रोल आणि प्रोपेन करारात लिहिलंय तेवढं भरून घ्या, मैलांचा आकडा आणि गाडीच्या चारही बाजू, छत धरून, फोनवर टिपा, आणि सही केलेली परतीची पावती घेतल्याशिवाय किल्ल्या देऊ नका.