तुसाच्या राखेची भट्टी

आमच्या रेवदंड्यात थंडी पडली की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात जेवायला बसायचं. त्यामुळे कोळशाच्या धुरात सहा तास मटण ठेवणार म्हटल्यावर आई म्हणाली, "तेवढ्यात मी दोनदा रस्सा करून, भांडी घासून झोपते."

पहिल्या खेपेला तिचंच खरं झालं. साधं पिंप, खाली चार भोकं, वर जाळी. दुपारी खारा वारा सुटला आणि थर्मामीटरचा काटा ९० अंशांवरून १६० वर, परत खाली. चार तासांत पाच किलो कोळसा गेला, मटण वरून करपलं आणि हाडाशी लाल राहिलं. मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, तरी कारण उशिरा कळलं. पत्र्यातून उष्णता निसटते, ती भरून काढायला कोळसा जास्त जाळावा लागतो, त्याला हवा जास्त लागते, आणि तीच कोरडी हवा मटण सुकवत वर जाते. भिंत जाड केली की कोळसा कमी, हवा कमी, आणि सगळं एका कॉकवर येतं.

म्हणून पिंपाच्या आत दुसरी नळकांडी उभी करून दुहेरी भिंत केली. मधल्या जागेत काय भरायचं? वाळू भर, माती भर असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाळू उष्णता अडवत नाही, शोषून बसते. शिवाय पिंप हलवायला चार माणसं लागतील. मी आधी गिरणीतलं भाताचं तूस भरलं, कारण फुकट होतं. दुसऱ्याच जाळाला बाहेरच्या सांध्यातून पिवळट धूर येऊ लागला. आतल्या आत तूस धुमसत होतं, ते रात्रभर विझलं नाही. सकाळी सगळं उपसून वाडीत ओतलं. तुसाची राख मात्र उत्तम. वीटभट्टीवर तूस जाळतात तिथे मागा. काळी नको, त्यात जळायचं अजून बाकी असतं; पांढरट-करडी घ्या. भरताना नाकातोंडाला फडकं घट्ट बांधा, ती धूळ फार बारीक असते आणि छातीला वाईट.

बाहेरचं पिंप २०० लिटरचं, खाद्यतेलाचं, झाकण पूर्ण निघणारं. पेट्रोल, थिनर किंवा कसलंही केमिकल असलेलं पिंप फुकट दिलं तरी घेऊ नका. रिकाम्या पिंपात वाफ उरते, आणि कटर लावला की ते बॉम्बसारखं फुटतं. तेलाचं पिंपही धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा.

आतली नळकांडी फॅब्रिकेटरकडून वाकवून घ्या: १६ गेजचा काळा पत्रा, १८ इंच व्यास, ३१ इंच उंची, तळ बंद. पत्रा साडेसत्तावन्न इंच लांब कापायला सांगा, म्हणजे एक इंच एकावर एक येतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आत कुठेच नको. तापला की जस्ताचा धूर सुटतो. नळकांडीला तीन इंची पाय लावून पिंपात मधोमध उभी करा. चहूबाजूंनी साधारण सव्वा दोन इंच जागा राहते. दोन गोण्या राख पुरते. थोडी थोडी ओतून दांडक्याने हलके ठोका, फार ठेचू नका. राखेतली अडकलेली हवाच उष्णता अडवते. वर पत्र्याचं कडं वेल्ड करून जागा बंद करा, पण कड्याला तीन-चार बारीक भोकं ठेवा. कशासाठी ते पुढे.

हवेसाठी नळकांडीच्या तळापासून दोन इंचांवर समोरासमोर दोन पाऊण इंची काळे पाइप, दोन्ही भिंतींतून आरपार. एकाला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे मघाचा कॉक, दुसऱ्याला टोपण. व्हॉल्व्ह भिंतीपासून सहा इंच लांब बसवा, आतली टेफ्लॉनची बैठक तापायला नको. झाकणावर दोन इंची धुराडं. झाकणाच्या आतून दोन इंच खोल डबा करून त्यातही राख भरायची. हे न करणाऱ्याची निम्मी मेहनत झाकणातून उडून जाते.

आत सगळ्यात खाली जाळीची टोपली, १२ इंच रुंद, ८ इंच उंच, तीन इंची पायांवर. त्यात तीन-साडेतीन किलो कोळसा मावतो. टोपलीच्या वर चार इंचांवर जुना तवा, म्हणजे चरबी निखाऱ्यावर पडत नाही. मटणाची स्टीलची जाळी तळापासून २४ इंचांवर.

आता गळती. रात्री आत पेटती बॅटरी ठेवून झाकण लावा आणि बाहेरचे दिवे घालवा. प्रकाश दिसला तिथे हवा शिरते. मग थोडे निखारे घालून झाकणाच्या कडेने उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला की खूण करा. माझ्या पिंपाला एका बाजूला तीन बोटं फट निघाली होती, व्हॉल्व्ह बंद करूनही काटा का चढतो ते तेव्हा समजलं.

थर्मामीटर जाळीच्या उंचीवर बसवा. त्याआधी उकळत्या पाण्यात धरून बघा. आपण समुद्रकाठचे, आपल्याकडे १०० दाखवायला हवा. पुण्याच्या मेव्हण्याने माझ्याकडून नेलेला तिथे ९८ दाखवतो म्हणून फोन केला होता. उंचीवर पाणी लवकर उकळतं, हे त्याला अजून पटलेलं नाही.

पहिल्यांदा रिकामी भट्टी दोन तास दणकून जाळा, मग आतून तेलाचा पातळ हात द्या.

पेटवताना सगळा कोळसा पेटवायचा नाही. टोपली गार कोळशाने भरा, मध्ये खळगा करा आणि त्यात आठ-दहा लाल निखारे ठेवा. आग हळूहळू कडेला सरकते. सोबत सुक्या पेरूच्या लाकडाचे दोन तुकडे. काजूची टरफलं चुकूनही टाकू नका. त्यांचं तेल हाताची सालं काढतं, धुराचं तर विचारूच नका. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, त्यात मटण ठेवलं तर कडू होतं. धूर पातळ, निळसर झाला की ठेवा. काटा १०० ला आला की व्हॉल्व्ह पाऊण बंद करा. ११० ते १२० वर स्थिर झाला की बोट लावू नका. माझी तीन किलोत आठ तास चालते.

बकऱ्याचा खांदा, हाडासकट दोन किलो, आदल्या रात्री मीठ आणि आगरी मसाला लावून ठेवलेला. मटणाच्या आतलं तापमान ६५-७० ला पोचलं की तास-दीड तास तिथेच अडकतं. घाबरून हवा वाढवू नका. मटणाला घाम सुटलेला असतो, आणि माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने ते तापत नाही. इथे मी खांदा केळीच्या पानात गुंडाळून सुतळीने बांधतो. बकऱ्याला चरबी कमी, उघडा ठेवला तर चामडं होतं. आत ९० च्या वर गेलं आणि हाड हाताने फिरायला लागलं की झालं. कोंबडीला एवढा थाट नको: १४० वर दीड-दोन तास, मांडीच्या जाड भागात ७४ दिसला की काढा. बरोबर तांदळाची भाकरी आणि अलिबागचा पांढरा कांदा. आईने दुसरा तुकडा मागितला, पण रश्शाबद्दलचं मत बदललेलं नाही.

झाल्यावर व्हॉल्व्ह आणि धुराडं दोन्ही बंद करा. तासाभरात कोळसा विझतो, उरलेला पुढच्या खेपेला. मध्येच झाकण झटकन उघडू नका, भडका उडतो. पाऊस आला म्हणून भट्टी बंद पडवीत किंवा खोलीत ओढू नका. कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

पावसाळ्यात राख दमट होते. म्हणून कड्याची ती भोकं. दिवाळीनंतर पहिला जाळ मंद लावा. भोकांतून वाफ येऊ लागेल. ती थांबेपर्यंत मटण आणायला जाऊ नका.