सोसायटीच्या पाण्याचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

मायक्रोबायोलॉजीच्या फील्ड प्रोजेक्टसाठी ठाणे-नवी मुंबईत ‘आमच्या सोसायटीचं पिण्याचं पाणी’ हा विषय पटकन सुचतो. विषय चांगलाच आहे. पण यातल्या बहुतेक चुका लॅबमध्ये पाऊल टाकण्याआधीच होऊन गेलेल्या असतात.

पहिली चूक म्हणजे फक्त स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना. त्यात कोलिफॉर्म (पाण्यातल्या दूषणाची खूण मानले जाणारे जिवाणू) सापडले तर ते महापालिकेच्या लाइनमधून आले, जमिनीखालच्या टाकीतून, की गच्चीवरच्या? एका नमुन्यावरून काहीच सांगता येत नाही. एकाच दिवशी तीन ठिकाणी बाटली भरा: सोसायटीत लाइन येते तिथे, गच्चीच्या टाकीच्या आउटलेटला आणि एखाद्या घरात. घरातला नळ टाकीवरचा आहे की थेट लाइनवरचा, हे आधी विचारा. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर आल्या आल्या एक बाटली आणि अर्ध्या तासाने दुसरी घ्या. बंद लाइनमधला दाब उतरला की गळक्या जोडातून आजूबाजूचं सांडपाणी आत ओढलं जातं आणि सुरुवातीच्या पाण्यात दिसतं. नंतरच्या बाटलीत त्याचा मागमूसही नसेल.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडते: बाटलीत क्लोरिन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट न घालणं. मग नळातलं क्लोरिन प्रवासभर बाटलीत जिवाणू मारत राहतं आणि लॅबमध्ये ‘स्वच्छ’ पाणी पोचतं. २५० मिलिच्या बाटलीत ३ टक्के द्रावण ०.२ मिलि घाला आणि मग ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) करा. ही बाटली नमुन्याच्या पाण्याने खळबळून घेऊ नका, थायोसल्फेट वाहून जातं. (रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधली सवय इथे नडते.) वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर तपासणीआधी पाणी हलवून एकजीव करता येत नाही.

नळाची जाळी काढा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. धातूचा नळ ज्योतीने तापवता येतो, प्लॅस्टिकचा ७० टक्के अल्कोहोलने पुसा. मात्र ‘लोक प्रत्यक्षात काय पितात’ हा तुमचा प्रश्न असेल, तर नळ जसा आहे तसाच ठेवा. दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात मिसळल्या की तक्ता निकामी.

उरलेलं क्लोरिन जागेवरच मोजा, तेही थायोसल्फेट नसलेल्या वेगळ्या नळीत. क्लोरिन असलं की पिवळं पडणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचा रंग दहा सेकंदांच्या आत वाचावा. उशिरा वाचलात तर संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलेलं) क्लोरिनही त्यात धरलं जातं.

आता कोलिफॉर्म मोजायच्या नळ्या. ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, पाणी घालायचं; गॅस झाला तर नळी पॉझिटिव्ह. प्रॅक्टिकलमध्ये १०, १ आणि ०.१ मिलिच्या तीन-तीन नळ्या शिकवतात, म्हणून इथेही त्याच लावल्या जातात. या नऊ नळ्यांत मिळून जेमतेम ३३.३ मिलि पाणी तपासलं जातं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ सांगतं की १०० मिलिमध्ये कोलिफॉर्म आढळता कामा नये. नऊही नळ्या निगेटिव्ह आल्या तरी उत्तर ‘१०० मिलिमागे ३ पेक्षा कमी’ एवढंच, ‘नाही’ असं नव्हे. क्लोरिन घातलेल्या पाण्यासाठी एक ५० मिलि आणि पाच १० मिलि असा संच लावा. दर नमुन्याला सहा नळ्या-बाटल्या, १०० मिलि डबल स्ट्रेंग्थ (दुप्पट तीव्रतेचा) मॅकॉन्की ब्रॉथ आणि पूर्ण १०० मिलि पाण्याची तपासणी. चार सोसायट्या, तीन ठिकाणं, दोन फेऱ्या म्हणजे २४ नमुने आणि २.४ लिटर ब्रॉथ. पाच जणांच्या गटाला एवढं पुरे. ठाण्यातल्या तलावपाळीचं, म्हणजे तलावाचं, पाणी घ्यायचं असेल तर उलटं करा: १, ०.१ आणि ०.०१ मिलि. नाहीतर सगळ्या नळ्या पॉझिटिव्ह येऊन आकडाच मिळत नाही.

निकाल विचित्र आला तर आधी हे तपासा. पाणी न घातलेल्या कंट्रोल नळीतही बुडबुडा दिसतोय? फ्रिजमधला ब्रॉथ थेट ३७ अंशांत ठेवला की त्यात विरघळलेली हवा बाहेर येते. नळ्या आदल्या रात्री बाहेर काढा, सकाळी बुडबुडा असलेल्या टाकून द्या. डरहॅम ट्यूब (गॅस पकडणारी आतली उलटी नळी) पूर्ण भरलीच नाही? ऑटोक्लेव्हची वाफ घाईने सोडली असेल. ब्रॉथ गढूळ आणि पिवळा, पण गॅस नाही? ४८ तास होईपर्यंत थांबा. १० मिलि पाण्याला चुकून सिंगल स्ट्रेंग्थ ब्रॉथ वापरला तर पित्तक्षारांचं प्रमाण निम्मं होतं आणि नको ते जिवाणूही वाढतात. ४४.५ अंशांची चाचणी (विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म ओळखण्याची) वॉटर बाथमध्येच लावा, साध्या इन्क्युबेटरमध्ये तापमान तेवढं स्थिर राहत नाही.

नमुने सोमवारी सकाळी घ्या. बर्फाच्या डब्यातून सहा तासांत लॅबमध्ये पोचवा. मंगळवार-बुधवारी नळ्या वाचून होतात, पॉझिटिव्ह नळ्यांच्या पुष्टीची चाचणी शुक्रवारपर्यंत संपते. गुरुवारी घेतलेल्या नमुन्याचे ४८ तास शनिवारी भरतात आणि पुष्टीच्या नळ्या रविवारी वाचायला लॅब उघडी नसते.

आरओच्या पाण्यात एकूण जिवाणूसंख्या जास्त दिसली म्हणून ‘धोकादायक’ लिहू नका. त्यात क्लोरिन उरलेलं नसतं, साठवणीत साधे जिवाणू वाढतात. विष्ठेच्या दूषणाची खूण असलेला ई. कोलाय आहे का, हा वेगळा प्रश्न.

सेक्रेटरींना ‘पाणी सुरक्षित’ असं पत्र देऊ नका. अमुक तारखेला, अमुक तीन ठिकाणी काय आढळलं, एवढंच लिहा, तेही मार्गदर्शकांच्या सहीने. ई. कोलायची पुष्टी झाली तर मात्र अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा: पाणी खळखळून उकळून प्या, पालिकेला सांगा. टाकी धुतल्यावर फेरतपासणी लगेच करू नका. त्या दिवशी नळातून ब्लीचिंग पावडरच बोलत असते. क्लोरिन नेहमीच्या पातळीवर आल्यावर पुन्हा त्याच तीन ठिकाणांहून बाटल्या भरा.