देशी गवताचं बी आणताना या चुका टाळा

'देशी गवतांचं मिश्रण' असं लिहिलेलं पाकीट आम्हीही विकत घेतलं होतं. ठाण्याजवळच्या उतारावर पेरलं आणि ऑगस्टात तिथे गुडघाभर रानतुळस, म्हणजे परदेशी तण, उभी राहिली. ती उपटण्यात पुढची दोन वर्षं गेली. तेव्हापासून पाकिटावर प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव आणि बी कुठून गोळा केलं हे लिहिलेलं नसेल, तर आम्ही ते घेत नाही. मिश्रणात स्टायलो (चाऱ्याची एक वनस्पती) असेल तर नको म्हणा. चाऱ्याला ते चांगलं, पण मूळचं अमेरिका खंडातलं. रानफूल म्हणून विकला जाणारा पिवळा कॉसमॉस मेक्सिकोचा. चाऱ्याच्या बियाण्यांत मारवेल मिळतं, ते देशीच. पण बहुतेकदा भरपूर चाऱ्यासाठी निवडलेलं वाण असतं.

त्यापेक्षा जवळच्या, तशाच उतारावरच्या गवताचं बी स्वतः गोळा करा. कुसळी, शेडा या देशी गवतांचं बी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पिकतं. जागामालकाला विचारा, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय एक ओंबीही तोडू नका. विळ्याने पेंढ्या कापल्या की शेजारचं तणही सोबत येतं, म्हणून ओंब्या हातानेच खुडा, आणि पाचातली एकच घ्या. दाणा नखाने दाबून पाहा. रानगवतात पोचट दाणे खूप असतात; पोतंभर भुसा पेरून काय उगवणार?

बी उगवलं नाही, तर ते लगेच पेरलं होतं का हे आठवा. ताजं बी काही महिने सुप्त असतं. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा आणि जूनच्या तोंडावर पेरा. कुसळीची कुसळं कापून टाकू नका: ओल लागली की ती पीळ सोडतात आणि दाणा मातीत रुतवतात.

बी स्वच्छ होतं, तरी गाजरगवत आलं? मग ते बहुधा बाहेरून आणलेल्या लाल मातीतून किंवा शेणखतातून आलं. डोंगरी गवताला या दोन्हींची गरज नसते. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून पांढरी फुलं दिसण्याआधीच हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुललेलं असेल तर खताच्या खड्ड्यात टाकू नका. पहिल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला फेरी मारा, आणि चढण्याआधी बुटांचे तळवे झाडून घ्या.