दुसरी गाडी इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल? सांगलीत बसून केलेला हिशोब

आमच्याकडे हा घोळ तीन महिने चालला होता. घरात एक डिझेल गाडी आहे ती मी नेतो, बायकोची नोकरी मिरजेत, पोरीचा क्लास विश्रामबागला, आईला महिन्यातनं दोनदा मिरजेलाच डॉक्टरकडं न्यायचं, त्यामुळं रोज सकाळी किल्लीवरनं वादावादी. दुसरी गाडी घ्यायची हे ठरलं पण कुठली यावर घरात तीन पक्ष पडले, मी पेट्रोल, बायको इलेक्ट्रिक आणि सासरे म्हणाले गॅसवरचीच घ्या, बाकी सगळं खूळ आहे. मग युट्यूब बघून बघून डोकं फिरवून घेतलं, आणि शेवटी वही-पेन घेऊन बसलो तेव्हा दोन संध्याकाळीत निकाल लागला. तुमचा निकाल वेगळा लागेल, पण वही तीच.

पहिलं काम, गाड्या बघायच्या आधी पंधरा दिवस घरातल्या सगळ्या फेऱ्या लिहून काढा. कोण, कुठं, किती किलोमीटर. अंदाजानं नको, गाडीचा किंवा मोबाईलचा आकडा बघूनच लिहा, कारण आपला अंदाज जाम चुकतो. मला वाटायचं बायकोचं रोजचं पंधरा-वीस किलोमीटर असेल, निघालं पस्तीस. गावभागातनं मिरज जाऊन येऊन वीस-बावीस, मग संध्याकाळी परत विश्रामबाग, मधे मार्केट, असं करत करत. आणि लांबची फेरी? पंधरा दिवसात एकच, कोल्हापूरला लग्न, जाऊन येऊन शंभर. नरसोबावाडी तर पन्नासच्या आत होतं.

ही वही का महत्त्वाची ते सांगतो. रेंजची, म्हणजे एका चार्जिंगमधे गाडी किती लांब जाईल याची, भीती ही पहिल्या गाडीची भीती आहे. पंढरपूरला जायचंय, पुण्याला जायचंय, तर डिझेल गाडी दारात उभी आहेच की. एकाच दिवशी दोघांना दोन दिशांना लांब जायचंय असं वर्षात किती वेळा होतं ते मोजा. आमच्याकडं एकदा झालं होतं, आणि त्यातला एक जण एसटीनं गेला, काही बिघडलं नाही.

तरी पण कंपनीच्या रेंजवर विश्वास ठेवू नका. टाटाच्या टियागो ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीची २४ किलोवॅट-अवरची (म्हणजे २४ युनिटची) बॅटरी २०२२ ला आली तेव्हा ३१५ किलोमीटर सांगितले होते, प्रत्यक्षात दोन तृतीयांश धरा म्हणजे दोनशेच्या आसपास, मे महिन्यात एसी फुल असेल तर अजून थोडं खाली. सांगली-मिरज सपाट आहे, घाट नाही, हे आपलं नशीब. तुमच्या वहीतली सगळ्यात लांबची नेहमीची फेरी या दोन तृतीयांशात आरामात बसली पाहिजे, ओढूनताणून नको.

दुसरं काम, गाडी उभी कुठं राहणार. स्वतःचं घर, स्वतःचं गेट असेल तर निम्मी लढाई जिंकली. अपार्टमेंट असेल तर बुकिंगच्या आधी सेक्रेटरीशी बोला, आणि पार्किंगपर्यंत तुमच्याच मीटरवरनं वायर येऊ शकते का ते बघा. रस्त्यावर गाडी लावत असाल तर सरळ सांगतो, इलेक्ट्रिकचा विषय इथंच बंद करा, पब्लिक चार्जरच्या भरवशावर दुसरी गाडी पाळणं म्हणजे रोज शेजाऱ्याच्या नळावर पाणी भरायला जाणं. शिवाय तिथं युनिटला वीस-पंचवीस रुपये जातात.

घरी साध्या जाड पिनच्या पॉइंटवर, म्हणजे १५-१६ अँपिअरच्या, छोटी बॅटरी रात्रीत भरते, वॉल बॉक्सची, म्हणजे भिंतीवर बसवायच्या वेगळ्या चार्जरची, गरजच नाही. पण वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. हे मी ओरडून सांगतोय कारण जुन्या वाड्यात आणि तीस-चाळीस वर्षांच्या घरात अर्थिंग नावापुरतंच असतं, फ्रिज-टीव्ही चालतात म्हणून कुणाला कळत नाही, पण गाडीचा चार्जर लाल दिवा लावून बसतो आणि चार्जच करत नाही. आमच्याकडं हेच झालं, नवीन अर्थिंगचा खड्डा मारावा लागला. मीटरपासनं वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा), आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको, सात-आठ तास एवढा लोड घेऊन तो वितळतो. लाईट बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो तो पण बघा, एक किलोवॅट असेल तर वाढवून घ्या, कारण हा एक पॉइंटच तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो.

आता पैसे. इथं बहुतेक सगळे चुकतात, मी पण चुकलो होतो.

पेट्रोल १०५ रुपये धरलं आणि गावात छोट्या गाडीला १५ चं मायलेज, म्हणजे किलोमीटरला ७ रुपये. (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासनं मायलेज थोडं पडलंय हे खरं आहे, इथेनॉलमधे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. आपल्याच कारखान्यांचा ऊस टाकीत जातोय म्हणून आनंद मानायचा की खिसा बघायचा, ते तुम्ही ठरवा.) इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून युनिटला ७ किलोमीटर पकडा. पण युनिट केवढ्याला? लोक एकूण बिल भागिले एकूण युनिट करतात आणि खूश होतात. चूक. महावितरणचे टप्पे आहेत, पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० ला दर जवळजवळ दुप्पट, ३०१ ते ५०० अजून वर, त्याच्यापुढं विचारूच नका. घरचा वापर आधीच्या टप्प्यात बसलेला असतो, गाडीचे युनिट वरनं येऊन बसतात, म्हणजे गाडीला कायम तुमच्या बिलातला सगळ्यात महाग दर लागतो. शिवाय वहन आकार (वीज वाहून आणायचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क असतंच.

आमचं उदाहरण घ्या. रोज ३५ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ८७५ किलोमीटर, भागिले ७ म्हणजे १२५ युनिट. घरचा वापर १५० आहे, गाडी धरून २७५, तीनशेच्या आत राहिलो. तिथं सगळं धरून युनिट १३ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला दोनला थोडं कमी. पेट्रोलपेक्षा पाच रुपये वाचले. पण माझ्या चुलतभावाकडं दोन एसी आहेत, उन्हाळ्यात घरचंच साडेतीनशे युनिट होतं, त्याची गाडी सगळीच्या सगळी सोळा-सतरा रुपयांच्या टप्प्यात जाणार. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच, पण चित्र एवढं गुलाबी नाही.

आता हे पाच रुपये किंमतीतल्या फरकाला लावा. त्याच तोडीची पेट्रोल गाडी आणि इलेक्ट्रिक यांच्या ऑन-रोड किंमती लेखी मागवा, दोन्ही एकाच आठवड्यात. समजा फरक अडीच लाख आला. अडीच लाख भागिले पाच म्हणजे ५० हजार किलोमीटर. आमचं वर्षाला साडेदहा हजार होतं, म्हणजे पाच वर्षाच्या आत वसूल. बॅटरीची वॉरंटी बहुतेक गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, म्हणजे वसुलीनंतर पण वॉरंटीतली तीन वर्षं हातात राहतात. जमलं.

पण ज्यांची दुसरी गाडी फक्त भाजी, देऊळ आणि पोरांची शाळा एवढ्यासाठीच आहे, रोजचे बारा किलोमीटर, त्यांचं बघा. वर्षाला साडेतीन-चार हजार किलोमीटर. ५० हजार व्हायला बारा-चौदा वर्षं! "आमची फिरतेच किती, म्हणून इलेक्ट्रिक घेतो" असं म्हणणारे उलट बोलतायत. कमी फिरणाऱ्या गाडीला इलेक्ट्रिक परवडत नाही, रोज फिरणाऱ्या पण लांब न जाणाऱ्या गाडीला परवडते. हा एवढा फरक मला तीन महिन्यांच्या व्हिडिओत कुणी सांगितला नाही. बारा किलोमीटरवाल्यांनी चांगली सेकंडहँड पेट्रोल गाडी घ्यावी आणि उरलेले पैसे एफडीत टाकावेत, हे माझं मत.

जुने सल्ले मात्र तारीख बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासनं छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी २८ आणि वर सेस होता. इलेक्ट्रिकचा ५ टक्के तसाच राहिला. म्हणजे दोघींच्या किंमतीतला फरक पेट्रोलच्या बाजूनं सरकलाय, त्याआधीचा कुणाचा हिशोब असेल तर तो शिळा. आणि एका शोरूमात मला कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची इन्कम टॅक्स सवलत मिळेल असं छातीठोक सांगितलं, ती कलम ८०ईईबीची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. सीएला विचारल्याशिवाय सही करू नका.

बॅटरी भाड्यानं घ्यायची स्कीम पण ऐकली असेल. एमजीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी २०२४ ला आली तेव्हा ९ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीचं भाडं, असा भाव होता. ऐकायला झकास, पण साडेतीन आणि विजेचे दोन म्हणजे साडेपाच, पेट्रोलचे सात, वाचले किती? दीड. गाडी घेताना कमी पैसे लागतात हे खरं, पण मग "चालवायला फुकट" हे गाणं बंद करा.

आता सांगलीचा खास मुद्दा, जो पुण्या-मुंबईच्या कुठल्याच व्हिडिओत नसतो. पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, आणि २०१९ ला ती ५७ च्या वर गेली हे इथल्या लहान पोराला पण पाठ आहे. गावभाग, खणभाग, मारुती चौक, सांगलीवाडी अशा ठिकाणी राहत असाल तर हा विचार किंमतीच्या आधी करा. सेल्समन म्हणेल बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्याला घाबरू नका. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. अर्धा तास! आपल्याकडं पाणी पार्किंगमधे आठ-आठ दिवस मुक्कामाला असतं, ते पण गाळासकट. पावसात, साचलेल्या पाण्यातनं जायला ते रेटिंग ठीक आहे, बुडून राहायला नाही. पेट्रोल गाडी बुडाली तरी नुकसान होतंच, पण इंजिन उतरवून साफ करणारा गॅरेजवाला गावात मिळतो, बॅटरी बदलायची वेळ आली तर गाडीच्या किंमतीचा मोठा वाटा त्यात जातो.

मग उपाय काय, तर गाडी आधी हलवणं. कोयनेतनं विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि आयर्विनला पाणी चढायला लागलं की इलेक्ट्रिक गाडी शंभर टक्के चार्ज करून ठेवायची, एरवी तुम्ही ऐंशीवर थांबत असाल तरी. कारण पाणी वाढलं की आधी वीज जाते, आणि वीस टक्क्यांवर अडकलेली गाडी हलवायची पंचाईत. पाणी यायची वाट न बघता विश्रामबागच्या बाजूला उंचावर पाहुण्यांकडं नेऊन लावा. आणि पेट्रोलवाल्यांनी लई हसू नये, २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद झाला, तेव्हा पेट्रोलची पण मारामार होतीच. विमा कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या, पेट्रोलला इंजिन प्रोटेक्ट आणि इलेक्ट्रिकला बॅटरी प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर जोडून घ्या, आणि बुडालेली गाडी कुठलीही असो, "चालू होते का बघू" म्हणून बटण दाबू नका, चार्जिंगला तर लावूच नका, उचलून वर्कशॉपला न्या. पाण्यात सेल्फ मारून इंजिन गेलं की त्याचा क्लेम विमावाले नाकारतात.

गॅसबद्दल थोडक्यात, नाहीतर सासरे रागावतील. सीएनजी किलोला ९० रुपये आणि २५ चं मायलेज धरलं तर किलोमीटरला साडेतीन-चार रुपये, म्हणजे पेट्रोल आणि इलेक्ट्रिकच्या बरोबर मधे. डिकीत टाकी, पंपावर रांग, दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट, हे सोसायची तयारी पाहिजे. माझा मेव्हणा जतला असतो, त्याची दुसरी गाडीच सांगलीला ये-जा करते, ऐंशी-नव्वद किलोमीटर एका बाजूनं, आणि त्याच्या वस्तीवर रात्री लाईटचा भरवसा नाही. त्याला मीच सांगितलं की सीएनजी घे. पहिली-दुसरी असं नाव देऊन उपयोग नाही, गाडी करते काय ते बघायचं.

घरावर सोलर असेल किंवा बसवणार असाल तर मात्र पारडं इलेक्ट्रिककडं झुकतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, आणि एवढं सोलर दिवसाला साधारण बारा युनिट देतं, आमच्या गाडीला रोज पाच लागतात. पण सोलरचे पैसे आणि गाडीचे पैसे एकाच हिशोबात कालवू नका, दोन पानं वेगळी ठेवा, नाहीतर काहीही परवडतंय असं दिसायला लागतं.

रिसेलला इलेक्ट्रिक पडते, हे धरूनच चला. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर फार फरक नाही, दर चार वर्षांनी गाडी बदलायची हौस असेल तर पेट्रोल.

आणि शेवटी जो रोज चालवणार त्यालाच टेस्ट ड्राईव्हला पाठवा. मी शोरूमभोवती एक चक्कर मारून आलो होतो, बायकोनं मात्र दुपारी दोनला, एसी लावून, स्वतःच्या ऑफिसच्या पार्किंगपर्यंत गाडी नेली आणि निघताना-पोचताना चार्जिंगचे टक्के लिहून ठेवले. शोरूमवाला का कू करत होता, ती म्हणाली मग राहू दे. दिली. येताना मिरज रोडच्या सिग्नलांना क्लच दाबावा लागला नाही, तिथंच तिचं ठरलं होतं, माझी वही तिनं नंतर वाचली.